स्वयंपाकघरातील खतावणी

कर्ज घरात शिरते ते पाहुण्याच्या पावलांनी, आणि राहते मात्र धन्याच्या थाटात. नोकरी जाते, पीक बुडते, आजारपण येते आणि पाहता पाहता प्रपंचाची घडी विस्कटते. मग माणूस आपलाच हिशेब आपल्यापासून लपवू लागतो. विस्कटलेली ही घडी पुन्हा बसते तरी कशी? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आम्हांस कॅनडातील एका धर्मप्रांताच्या इतिहासात सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. त्यातील अँटिगोनिश धर्मप्रांतात किनाऱ्यावर कोळी, आत शेतकरी आणि केप ब्रेटन बेटावर कोळशाच्या खाणींतील मजूर अशी वस्ती होती. १९२९ साली जगावर महामंदी कोसळली; पण येथील लोकांचे हाल त्याआधीच सुरू झाले होते. व्यापारी कोळ्याला जाळी, मीठ आणि पीठ उधार देई व मासळी आपल्या भावाने उचली. हंगाम सरला की कोळ्याच्या हाती पैशाऐवजी मागील बाकीच येई. खाणीतही तोच प्रकार होता. कंपनीच्या दुकानातून सामान न्यायचे आणि त्याचे पैसे पगारातून परस्पर कापून जायचे. १९२५ च्या संपात लोकांच्या संतापाचा कडेलोट झाला. ती दुकाने लुटली गेली आणि कायमची बंद पडली. दुकाने बंद झाली, परंतु उधारीची सवय काही त्यांच्याबरोबर गेली नाही. ती मोडायला निराळे हत्यार हवे होते.

ते हत्यार हाती दिले एका धर्मगुरूने. फादर जेम्स टॉम्प्किन्स हे सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात उच्च पदावर होते. विद्या ही विद्यापीठाच्या भिंतींत कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. १९२१ साली त्यांनी याच विषयावर एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी सामान्य शेतकऱ्यांसाठी लोकशाळाही भरवली. पुढे विद्यापीठाच्या विलीनीकरणावरून बिशपांशी त्यांचा मतभेद झाला आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कान्सो या दरिद्री कोळीवाड्यात झाली. शिक्षा म्हणून मिळालेले हे ठिकाणच त्यांचे खरे कार्यक्षेत्र ठरले. १ जुलै १९२७ रोजी कॅनडा देश आपला हीरक महोत्सव साजरा करीत असता, आम्ही कशाचा आनंद मानावा, असा सवाल घेऊन कान्सोचे कोळी सभेस जमले. त्यांची हाक सरकारपर्यंत गेली आणि मासेमारीच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १९२८ साली विद्यापीठानेही लोकशिक्षणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याची धुरा टॉम्प्किन्स यांच्या नात्यातीलच फादर मोझेस कोडी यांच्याकडे आली.

कोडी यांची पद्धत साधी होती. गावात प्रथम मोठी सभा घ्यायची आणि मग लहान लहान अभ्यासमंडळे पाडायची. ही मंडळे हिवाळ्याच्या रात्री कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला बसत. स्त्रियाही या कामात उतरल्या आणि सेंट मार्था संघाच्या धर्मभगिनींनी त्यांना साथ दिली. मंडळात अभ्यास होई तो आपल्याच जगण्याचा. आपली मासळी कोणत्या भावाने जाते व बाजारात कोणत्या भावाने विकली जाते? पिठाच्या गोणीची रोखीची किंमत काय आणि उधारीची काय? ज्या गोष्टीची आजवर लाज वाटत होती, ती आता शेजाऱ्यांच्या साक्षीने कागदावर उतरू लागली. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथेच आहे. कर्ज फिटण्याआधी ते उघड्यावर यावे लागते.

१९३२ साली नोव्हा स्कोशियात पतपेढ्यांचा कायदा झाला. त्याच हिवाळ्यात ब्रॉड कोव्ह आणि रिझर्व्ह माइन्स येथे पहिल्या पतपेढ्या निघाल्या. खायला नाही तिथे बचत कसली करायची, असे कोणीही विचारील. परंतु उधारीत वाया जाणारे पैसे वाचले, तर त्या थेंबांचेही तळे साचते हे अभ्यासमंडळांनी ओळखले होते. सभासद दर आठवड्याला जमतील तेवढे सेंट भरीत. कर्ज मागणाऱ्याचा अर्ज शेजाऱ्यांचीच समिती तपासून पाही. कर्ज उपयुक्त कारणासाठीच मिळे, आणि तारण म्हणून माणसाची सचोटी मोठी मानली जाई. भाग कितीही असोत, मत एकच.

या बचतीच्या बळावर लोकांनी पुढचे पाऊल टाकण्याचे धैर्य केले. पतपेढ्यांच्याही आधी कान्सोजवळच्या लिटल डोव्हर येथील कोळ्यांनी स्वतः लाकूड तोडून शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना उभारला होता. टॉम्प्किन्स १९३५ साली रिझर्व्ह माइन्सला आले. तेथील खाणकामगारांनी घरबांधणीचा रीतसर अभ्यास केला, पुठ्ठ्याची नमुना घरे तयार केली आणि १९३८ साली सरकारी कर्ज व स्वतःचे श्रम यांच्या जोरावर खरी घरे बांधली. त्या वस्तीला त्यांनी कृतज्ञतेने टॉम्प्किन्सव्हिल हे नाव दिले.

हा इतिहास निव्वळ यशाचा आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पतपेढीने मासळीचे जागतिक भाव बदलले नाहीत. १९३० साली उभा राहिलेला कोळ्यांचा मोठा सहकारी संघही १९८० च्या दशकाअखेर कोसळला. संस्था मोठी झाली आणि स्वयंपाकघरातील अभ्यास मागे पडला, की असे व्हायचेच, असे आम्हांस वाटते. तरीही कोडी यांच्या निधनाच्याच वर्षी, म्हणजे १९५९ साली, त्यांच्या नावाने अँटिगोनिश येथे संस्था निघाली आणि भारतासह अनेक देशांतील कार्यकर्ते तेथे शिकून आले.

आपल्यालाही हा मार्ग अपरिचित नाही. कॅनडातील या घडामोडींच्या कितीतरी आधी, १९१८ साली, वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक पतसंस्था सुरू झाली. आज ती बँक म्हणून उभी आहे. संस्था आपल्यापाशी आहेत; प्रश्न उरतो तो घरातल्या वहीचा. लग्नासाठी, सणासाठी, शेजाऱ्याच्या बरोबरीसाठी काढलेले कर्ज आपण नवरा-बायको एकत्र बसून कागदावर मांडतो का? वाढत्या वयाच्या मुलांना ते दाखवतो का? अडचणीतल्या कुटुंबाला आपल्या धर्मग्रामात मनमोकळेपणाने बोलता येईल असे एखादे घर आहे का?

रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर त्याच टेबलाभोवती आणखी अर्धा तास बसावे आणि वही उघडावी. कान्सोच्या कोळ्यांनीही सुरुवात याहून मोठ्या भांडवलावर केली नव्हती.