शक्तीला युक्तीची जोड

मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी लाल मातीची तालीम, हे महाराष्ट्रातील गावोगावचे जुने चित्र होय. मारुतिराय ही बलाची देवता खरी, परंतु ते बुद्धिमंतांमध्येही श्रेष्ठ मानले जातात. समुद्र ओलांडताना सुरसेने वाट अडवली, तेव्हा ते तिच्याशी झुंजत बसले नाहीत. क्षणात अंगुष्ठाएवढे होऊन तिच्या मुखात शिरले व बाहेर पडले. शक्तीला युक्तीची जोड कशी द्यावी, याचा हा पहिला धडा म्हणावा लागेल.

आपली मल्लविद्या याच धड्यावर उभी आहे. देवळाच्या कामावर दगड हलविताना दहा जणांना जे जमत नाही, ते खाली टेकू देऊन पहार घातली की दोघांना जमते. कुस्तीतील डावही असाच असतो. पैलवानाची कंबर किंवा खांदा हा टेकू, आणि धरलेला हात ही पहार. धोबीपछाड मारताना जोडीदाराचा हात खांद्यावर ओढून, धोबी कपडा आपटतो तसे त्याला पुढे आपटतात. एकेरी पटात त्याचा एक पाय उचलला की उरलेल्या पायावर सारा देह डळमळतो. जोडीदार रेटा देतो तेव्हा उलट रेटा न देता बाजूला वळावे, म्हणजे त्याचेच बळ त्याला पाडते. मात्र ही संधी डोळ्याचे पाते लवण्याइतकीच टिकते. ती साधण्यासाठी वर्षानुवर्षे जोर, बैठका व लढत करावी लागते.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील बाळंभटदादा देवधर यांची कथा प्रसिद्ध आहे. निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन धिप्पाड मल्ल आव्हान देत पुण्यास आले. दादांनी मुदत मागितली व ते वणीच्या सप्तशृंगी गडावर उपासनेस बसले. तेथे हनुमंताने त्यांना खांबावरच्या उड्या व पकडी दाखविल्या, अशी परंपरा सांगते. परत येऊन दादांनी गुलाबला चीत केले आणि अलीने माघार घेतली. मल्लखांबाचा प्रसार दादांपासूनच झाला.

अलीकडच्या काळातील थोर उदाहरण म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. खाशाबांची अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. जोडीदाराचा हात व मान कवळ्यात घेऊन, अंग फिरवून कमरेवरून त्याला उलटविणारी ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीची सवय असलेले खाशाबा गादीवर लढले आणि सहावे आले.

१९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरविले. जपानच्या इशीशी दीर्घ लढत देऊन ते हरले आणि पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. तरीही कांस्यपदक त्यांनी मिळविलेच. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे पदक येण्यास १९९६ साल उजाडले.

गावी परतताना शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबा सत्कारात रमले नाहीत. कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी पैसा उभा केला व खर्डीकरांचे घर सोडविले. पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

एका लहान चणीच्या मल्लामागे गावाची वर्गणी व गुरुजनाचे घर उभे राहिले, म्हणून जगाच्या आखाड्यात तो टिकला. तोही टेकूच होता. देवळाचा कळस चढविताना शेजारच्या तालमीची माती कोरडी पडू न देणे, हीदेखील मारुतिरायाची सेवाच ठरेल.