‘रद्द करा’ : एका साध्या इच्छेचा इतिहास

महाडला शिक्षकांच्या एका लहानशा संगणक शिबिरात आम्ही गेलो होतो. जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवलेले होते आणि आज्ञा टंकून कामे कशी करावीत, याची ओळख करून द्यायची होती. पोलादपूरकडून आलेल्या एका बाईंनी मुलांच्या नावांची यादी दुरुस्त करण्यासाठी ‘विम’ हा मजकूर-संपादक उघडला. काम झाले, आता बाहेर पडायचे होते. त्यांनी कंट्रोल-सी दाबले, एस्केप दाबली, मग ‘एक्झिट’ असे टंकले. बाहेर पडणे राहिले बाजूला, यादीतले एक अक्षर मात्र नाहीसे झाले आणि तिथेच एक ‘टी’ येऊन बसला. शेवटी बाईंनी भिंतीवरचे बटणच बंद केले. “वर्गात मुलांसमोर असे झाले असते तर?” त्यांनी विचारले.

दोष बाईंचा नव्हता. विममध्ये एस्केपनंतर प्रत्येक अक्षर ही आज्ञा असते. ‘ई’ने शब्दाच्या शेवटी जायचे, ‘एक्स’ने अक्षर खोडायचे, ‘आय’ने लिहायला लागायचे. मग ‘टी’ हे साधे अक्षर म्हणून उमटले. यंत्राने सांगितलेले सगळे इमानाने केले! मग ‘नको, मागे फिर’ ही एवढी साधी गोष्ट यंत्राला सांगणे इतके अवघड का व्हावे? याचे उत्तर इतिहासात आहे.

भोकांचा कागद

संदेश पूर्वी कागदी फितीवर भोके पाडून साठवत. पाडलेले भोक बुजवता येत नाही. पण उरलेल्या जागीही भोके पाडली तर? सगळी भोके असलेली ओळ म्हणजे ‘हे अक्षर धरू नका’, असा संकेत ठरला. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या सात अंकी द्विमान संकेतात हाच संकेत १११११११, म्हणजे १२७ क्रमांकावर आहे. त्याचे नाव ‘डिलीट’.

१९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले. तेव्हा पडदा नव्हता. दूरमुद्रकाच्या कागदावर उमटलेले अक्षर पुसणार कसे? म्हणून चुकलेल्या अक्षरापुढे ‘#’ टंकायचे आणि सगळी ओळ नको असेल तर ‘@’. चालू काम थांबवायला मात्र डिलीटची कळ घेतली. पुसण्याची कळ अशी थांबवण्याच्या कामाला लागली.

कंट्रोल-सी कोठून आले? डीईसी या कंपनीच्या यंत्रांवर ते आधीपासून रूढ होते. पुढे ते बर्कलीच्या युनिक्समध्ये आणि १९९१ नंतर लिनक्समध्येही आले. वर्गात करून पाहण्याजोगे हे गणित आहे. ‘सी’चा आस्की क्रमांक ६७, म्हणजे १००००११. कंट्रोल कळ डावीकडचा १ काढून टाकते, म्हणजे ६४ वजा करते. उरले ३. तीन म्हणजे ‘मजकूर समाप्त’. गंमत अशी, की खास ‘रद्द’ या अर्थाचा संकेत २४ क्रमांकावर होताच. ८८ मधून ६४ वजा केले की तो मिळतो, म्हणजे कंट्रोल-एक्स. तो मात्र या कामी आला नाही!

घरोघरी वेगळ्या किल्ल्या

१९७६ च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. विम त्याचाच वारस. बदल टाकून बाहेर पडायचे तर एस्केप, मग अपूर्णविराम, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. त्याच सुमारास आलेल्या ‘ईमॅक्स’मध्ये कंट्रोल-जी दाबले की चालू आज्ञा रद्द होते. कंट्रोल-सी दाबले तर ईमॅक्स पुढच्या कळीची वाट पाहत बसतो. त्यात विंडोजने कंट्रोल-सी हे नकलेसाठी वापरले. त्यामुळे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मजकुराची नक्कल करू पाहणारा विद्यार्थी आपलेच चालू काम थांबवतो.

मराठीत आपण ‘पुसणे’, ‘थांबवणे’, ‘सोडून देणे’ आणि ‘मागे फिरवणे’ या चार वेगळ्या क्रिया मानतो. संगणकाच्या मराठी पडद्यावर बहुधा एकच शब्द भेटतो, ‘रद्द करा’. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढणारी गाडी थांबवली, म्हणून ती पोलादपुरात परत येत नाही. घाटात जिथे थांबली तिथेच ती उभी असते. फायली पुसण्याची आज्ञा मधेच कंट्रोल-सीने थांबवली तर पुढच्या फायली वाचतात, पुसल्या गेलेल्या परत येत नाहीत. नवख्याची बहुतेक फसगत इथेच होते.

तक्रारींचे फळ

मुक्त-स्रोत प्रोग्रॅमबद्दल अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या. “माहितीपुस्तिका वाचा,” हे उत्तरही अनेकांनी ऐकले. तरी बदल झाले. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘गिट’मध्ये अर्धवट अडकलेली जोडणी सोडून देण्यासाठी ‘मर्ज अबॉर्ट’ ही सरळ नावाची सोय २०११ साली आली. पायथनमध्ये नुसते ‘एक्झिट’ टंकले तर “बाहेर पडायला एक्झिटपुढे कंस द्या” अशा अर्थाची सूचना मिळे. म्हणजे आपल्याला काय हवे ते यंत्राला कळले होते, पण दार उघडत नव्हते! २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीपासून नुसते ‘एक्झिट’ पुरते. विममध्येही आता कंट्रोल-सी दाबल्यावर बाहेर पडण्याची कृती खाली दिसते, अर्थात ती इंग्रजीत. ‘नॅनो’ या संपादकाने तर मुख्य कळा पडद्याच्या तळाशी कायम मांडून ठेवल्या आहेत.

यातून आपण शिक्षकांनी काय घ्यावे? कोणताही प्रोग्रॅम शिकवताना पहिली पाच मिनिटे बाहेर पडण्याला द्यावीत. परत फिरण्याची वाट ठाऊक असलेले मूल बेधडक प्रयोग करते. ती ठाऊक नसलेले मूल कळफलकापासून हात दूर ठेवते. आणि कोणी अडकले तर त्याला हसू नये. काय हवे होते, कोणती कळ दाबली, काय झाले, या तीन गोष्टी त्याला वहीत लिहायला सांगाव्यात. प्रोग्रॅम सुधारणाऱ्यांना नेमकी हीच माहिती लागते.

बाईंनी यंत्र पुन्हा सुरू करून ती फाइल उघडली, तेव्हा विमने आधीचे काम अपुरे राहिल्याचा लांबलचक इशारा दिला. या वेळी त्यांनी बटणाकडे हात नेला नाही. त्यांनी वही उघडली आणि पहिली ओळ लिहिली, “यादी जतन करून बाहेर यायचे होते.”