छापी काय गाळते?

चिलीम भरण्याआधी आजोबा एक फडकं भिजवून पिळायचे आणि चिलमीच्या बुडाला गुंडाळायचे. ती छापी. आत एक खडा, निखारा नि तंबाखूची भुकटी अडवायला. छापी काळपट पिवळी पडली की आजोबा म्हणायचे, "बघ, घाण इथंच राहिली."

हा भरवसा जुना आहे. अमेरिकेत मिसूरीमध्ये १८६९ पासून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाइप बनतात. कणीस सच्छिद्र, ओलावा शोषतं. तरी त्यात वर कागदी फिल्टर घालतात. १९५२ साली केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये तर चक्क ॲस्बेस्टॉस होतं! १९५६ पर्यंत लोक ते ओढत होते.

सच्छिद्र देठातून धूर ओढण्याचा प्रयोग गांधीजींनीही लहानपणी केला होता. आधी काकांची थोटकं, मग नोकराचे चोरलेले पैसे, मग हे देठ. सगळं आत्मकथेत आहे. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तंबाखूला वेगळं प्रकरण आहे. फिल्टरची सवलत त्यांनी कुणालाच दिली नाही.

फिल्टर म्हटलं की मी आधी विचारतो, आरपार काय जातं? छापी धूर गार करते, थोडं डांबर धरते. कार्बन मोनॉक्साइड वायू आहे, तो सरळ आत जातो. निकोटिनही पोचतंच, नाहीतर चिलीम कोण ओढेल?

आजी मात्र ती छापी कधीच घरातल्या कपड्यांत धुवायला घेत नसे.