चहातला 'कात' आणि बिनपगारी संशोधक

ग्रीन टीच्या पाकिटावर 'कॅटेचिन' हा शब्द वाचलाय? तो आलाय 'कॅटेचू'वरून, आणि कॅटेचू म्हणजे आपला कात. खैरापासून काढतात, विड्यात घालतात, तोच. विड्यातला तुरटपणा आणि चहातला तुरटपणा, दोन्ही एकाच गोतावळ्यातले.

चहातून हे कॅटेचिन पहिल्यांदा वेगळं काढलं जपानच्या मिचियो त्सुजिमुरा यांनी, १९२९ साली. खरं सांगू, मला कॅटेचिनपेक्षा या बाईच जास्त आवडतात. १९२० मध्ये त्या होक्काइदोच्या विद्यापीठात गेल्या, तेव्हा तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. मग प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस. अभ्यास कशाचा, तर रेशीमकिड्यांच्या पोषणाचा! टोकियोत आल्या, तर १९२३ च्या भूकंपात प्रयोगशाळाच गेली. त्यानंतर रिकेन संस्थेत ग्रीन टीवर काम सुरू झालं. १९२४ मध्ये सेइतारो मिउरा यांच्यासोबत त्यांना त्यात क जीवनसत्त्व सापडलं. १९३२ मध्ये कृषीशास्त्रातली डॉक्टरेट मिळाली. जपानमधल्या त्या पहिल्याच महिला.

आता डायबिटीस. पिष्टाची साखर करणाऱ्या एन्झाइम्सना कॅटेचिन अडवतं, म्हणजे साखर रक्तात हळू उतरते. हे झालं प्रयोगशाळेत. माणसांमध्ये? २००६ साली जपानमधल्याच १७,४१३ जणांचा पाच वर्षांचा अभ्यास छापून आला. आठवड्याला एक कपही न पिणाऱ्यांपेक्षा रोज सहा किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत टाइप-२ डायबिटीसचा धोका ३३ टक्के कमी दिसला. पण काळ्या चहात असा फरक दिसला नाही. पत्ती काळी होताना बरंचसं कॅटेचिन बदलून जातं ना! त्यात आपण दोन चमचे साखर टाकणार. शिवाय हा अभ्यास निरीक्षणाचा. सहा कप पिणाऱ्यांचं बाकी राहणीमानही वेगळं असू शकतं.

'बाबांच्या शुगरच्या गोळ्या बंद करून ग्रीन टी देऊ का?' असे मेसेज मला येतात. अजिबात नको! तो अभ्यास डायबिटीस नसलेल्यांचा होता. झालेला डायबिटीस बरा करण्याचा नव्हताच.

आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे चहातलं मुख्य कॅटेचिन, पोटात गेलं तर लिव्हरला इजा होण्याची चिन्हं दिसू शकतात. साध्या कपातल्या चहाबद्दल त्यांची अशी तक्रार नाही.