कोंबडी अंड्यावर आहे की नाही, हे कसे ओळखावे?

गोव्यातील अनेक घरांच्या परसात आजही चार-सहा गावठी कोंबड्या असतात. त्यांना दाणा मिळतो, संध्याकाळी खुराडे बंद होते. मात्र कोणती कोंबडी अंडी देते, कोणती थांबली आहे आणि कोणती भलतीकडेच अंडी घालते, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. महिनाभर अंडे दिसले नाही की कोंबडी ‘निकामी’ ठरते आणि तिची रवानगी स्वयंपाकघरात होते. पुष्कळदा ती केवळ विश्रांती घेत असते. हा तोटा टाळायचा, तर कोंबडीची पारख करता आली पाहिजे.

अंडी केव्हा सुरू होतात?

सुधारित जातींच्या तलंगा साधारण पाच ते सहा महिन्यांत अंड्यावर येतात; गावठी कोंबडीला सहा-सात महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अंडे देण्याचा काळ जवळ आला की तुरा आणि गळ्याखालचे लोलक मोठे व लालभडक होतात. तलंग कोपरे, टोपल्या, गवताचे ढीग धुंडाळू लागते. पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित पसरून खाली बसते. हे दिसू लागले की पहिले अंडे फार लांब नसते.

रोज एक अंडे का मिळत नाही?

एक अंडे तयार होण्यास सुमारे 24 ते 26 तास लागतात. त्यांपैकी जवळजवळ 20 तास कवच चढण्यात जातात. त्यामुळे अंडे दररोज थोडे उशिरा येते आणि काही दिवसांनी एक दिवस रिकामा जातो. हा खंड म्हणजे आजार नव्हे. गावठी कोंबडी तर दहा-पंधरा अंड्यांचा एक डाव घालते, मग खुडूक होते. ती घरट्यातून उठत नाही, पिसे फुलवते, हात नेला की चोच मारते. या काळात अंडी थांबतात. तिला रवणीला बसवल्यास 21 दिवसांनी पिल्ले निघतात आणि ती मोठी होईपर्यंत आई पुन्हा अंड्यावर येत नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या जाती क्वचितच खुडूक होतात. म्हणून त्यांची वर्षाकाठची अंडी गावठीपेक्षा बरीच अधिक भरतात.

हाताने करायची तपासणी

रात्री कोंबड्या शांत असताना एकेकीला उचलून पाहावे. अंड्यावर असलेल्या कोंबडीचे गुदद्वार रुंद, ओलसर आणि लांबट असते. थांबलेल्या कोंबडीचे लहान, गोल आणि कोरडे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडे हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावत असतील तर कोंबडी अंडी देत आहे. जेमतेम एक बोट मावत असेल तर नाही. या हाडांपासून छातीच्या हाडापर्यंतचे पोट मऊ आणि तीन-चार बोटे रुंद असावे.

पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांत आणखी एक खूण दिसते. शरीरातील पिवळे रंगद्रव्य बलकात जात असल्याने आधी गुदद्वार, मग डोळ्यांभोवतीची कडा, कान, चोच आणि शेवटी पाय फिकट पडतात. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परततो. माळव्यात, उज्जैनच्या पश्चिमेस असलेल्या झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही कोंबडी आता इतरत्रही पाळली जाते. मात्र तिची कातडी आणि तुरा काळपट असल्याने तेथे रंगाची खूण उपयोगी पडत नाही. हाडांमधील अंतरावरच भरवसा ठेवावा लागतो.

अंडी आहेत, पण दिसत नाहीत

तपासणीत कोंबडी अंड्यावर आहे असे दिसले आणि घरट्यात अंडे नसेल, तर ती माडाच्या मुळाशी, चुडतांच्या ढिगात किंवा लाकडांच्या राशीमागे अंडी घालत असते. दोन-तीन दिवस सकाळी अकरापर्यंत तिला खुराड्यातच ठेवावे. बहुतेक अंडी तोवर येतात. मुंगूस, घोरपड, साप आणि कावळे हेही अंड्यांचे वाटेकरी आहेत. फुटकी कवचे किंवा ओला पेंढा दिसल्यास कोंबडीच अंडी खात असल्याची शक्यता धरावी. अनेकींपैकी नेमकी कोण, हे ठरवण्यासाठी संशयित कोंबडीच्या गुदद्वाराला खाण्याचा रंग लावावा. कवचावर त्याचा डाग उमटतो.

थांबण्याची कारणे

पिसे झडण्याच्या काळात कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तासांचा प्रकाश लागतो. गोव्यात सर्वांत मोठा दिवसही सुमारे 13 तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये तो सव्वाअकरा तासांवर येतो. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असल्याने उन्हात भांडे कोरडे पडले तरी उत्पादन घसरते. कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, भरडून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात. मात्र सर्वच कोंबड्यांची अंडी एकदम घटली, कवचे वेडीवाकडी झाली, माना वळू लागल्या किंवा हिरवट हगवण लागली, तर राणीखेत रोगाची शंका घेऊन तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

वहीतील हिशेब

रोजची अंडी दिनदर्शिकेवर लिहावीत. सहा कोंबड्यांकडून 30 दिवसांत 75 अंडी मिळाली, तर 180 कोंबडी-दिवसांमागे उत्पादन सुमारे 42 टक्के होते. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी हाती असल्या की खुडूक, पिसे झडणारी आणि खरोखर थकलेली कोंबडी वेगवेगळी ओळखता येते. सुरीचा निर्णय त्यानंतर घ्यावा.