बेरियम स्वॉलो टेस्ट: घास गिळतानाचा व्हिडिओ एक्स-रे कसा काढतात?

पाणी पिताना सारखा ठसका लागतो, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, अशी तक्रार असेल तर डॉक्टर कधी कधी 'बेरियम स्वॉलो' टेस्ट लिहून देतात. ही टेस्ट नेमकी काय दाखवते ते पाहू.

साधा एक्स-रे का चालत नाही?

अन्ननलिका मऊ स्नायूंची असते, त्यामुळे साध्या एक्स-रेत ती नीट दिसत नाही. शिवाय गिळणं ही हालचाल आहे. घास घशातून अन्ननलिकेत जायला साधारण एक सेकंद लागतो आणि तेवढ्यात श्वासनलिकेचं तोंड बंद होऊन पुन्हा उघडतं. एका फोटोत हे कसं पकडणार?

टेस्ट कशी होते?

पेशंटला बेरियम सल्फेट मिसळलेलं पांढरं, खडूसारखं लागणारं पेय देतात. बेरियम एक्स-रे अडवतं, त्यामुळे त्याचा पूर्ण रस्ता स्क्रीनवर उठून दिसतो. फ्लुओरोस्कोपी मशीन त्याचा लाइव्ह व्हिडिओ घेतं. घशातल्या हालचाली तपासताना सेकंदाला 30 फ्रेम घेणं चांगलं मानतात. फ्रेम कमी असतील तर क्षणभराची चूक दोन फ्रेमच्या मध्ये निसटू शकते.

काय कळतं?

- पेय श्वासनलिकेत उतरतंय का. पक्षाघात किंवा पार्किन्सन्सच्या काही पेशंटना असं होऊनही खोकला येत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण पुढे न्यूमोनिया होऊ शकतो.
- अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नसेल (अकॅलेझिया), तर तिचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं.
- नळी कुठे अरुंद झाली आहे का.

मर्यादा आणि काळजी

स्नायूंचा दाब मोजायचा तर मॅनोमेट्री लागते. नाकातून बारीक कॅमेरा घालूनही घसा तपासता येतो. त्यात रेडिएशन नसतं, पण नेमकं गिळण्याच्या क्षणी स्क्रीन पांढरी होते.

गरोदर असाल तर आधी सांगा. अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका असेल तर सहसा बेरियमऐवजी आयोडीनयुक्त द्रव वापरतात. टेस्टनंतर एक-दोन दिवस शौच पांढरट होते, घाबरू नका. बद्धकोष्ठता होऊ नये म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्या.

घरात कुणाला नुकताच पक्षाघात झाला असेल, तर ठसका लागत नाही एवढ्यावर विसंबून खाऊपिऊ घालू नका. आधी गिळण्याची तपासणी झाली का, ते डॉक्टरांना विचारा.