दहावा माणूस

आमच्या आजोळच्या अलिबागेत एका आळीचं नावच इस्राएल आळी. लहानपणी मला त्यात काही नवल वाटलं नाही. बामणआळी, तशी इस्राएल आळी! आळीत एक 'मशीद' होती. बेने इस्राएल मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायची. आजीची मैत्रीण त्या आळीतली. नव्याच्या सणाला तिच्याकडून चिकाचा हलवा यायचा, गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून केलेला. दारफाळणीच्या सणाला मात्र त्यांचं दार दिवसभर बंद. त्या दिवशी कडक उपास असतो, हाक मारायची नाही, असं आजी सांगायची. यांनाच बाहेरचं जग रोश हशाना आणि योम किप्पूर म्हणतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

या लोकांची कथा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते पाठ असलेलं आणि अंगवळणी पडलेलं: 'शमा'ची प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची सुट्टी. धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. आडनावं गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर... अशी शंभराहून अधिक.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात त्यांना मंदिर नव्हतं. पहिलं मंदिर १७९६ साली मुंबईत मांडवीला उभं राहिलं, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं. अलिबागचं 'मागेन आबोथ', म्हणजे पूर्वजांची ढाल, १८४८ चं. १९१० साली ते पुन्हा बांधलं गेलं. त्याआधीचा धर्म घरात होता. स्वयंपाकघरात, घाण्यावर, मलिद्याच्या ताटात. (मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहू हनबीची आठवण.) मराठी तर त्यांच्या उपासनेतही आली. वल्हांडणाची पोथी, हगादा, १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे तर त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनंही केली!

गेल्या हिवाळ्यात अलिबागला गेलो होतो. शनिवारी सकाळी मुलाला घेऊन मशिदीत गेलो. आधी विचारून ठेवलं होतं. दोघांना टोप्या मिळाल्या, मागच्या बाकावर बसलो. प्रार्थना चालू होती, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष दाराकडे. शेजारच्या काकांनी हळूच समजावलं. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याशिवाय तोरा वाचायला बाहेर काढत नाहीत आणि मृतांसाठीचा कद्दीश म्हणता येत नाही. त्या दिवशी ठाण्याहून एक गृहस्थ आले होते. वडिलांच्या वर्षाचा कद्दीश त्यांना वडिलांच्याच गावी म्हणायचा होता. ते धरून नऊ.

मुलगा मला म्हणाला, "बाबा, आपण दोघं आहोत की!" काका हसले. "तुम्ही चालत नाही बाळा. बसा मात्र खुशाल."

मग काकांनीच सांगितलं, पलीकडच्या गल्लीत एक जण आहेत, गुडघे दुखतात म्हणून आले नसतील. मी चालत गेलो. दार वाजवलं, म्हटलं, "मशिदीत एकच कमी आहे." ते काही बोलले नाहीत. आत गेले, सदरा बदलला, काठी घेतली. पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला वीस मिनिटं लागली.

आम्ही आत शिरलो तेव्हा ठाण्याचे गृहस्थ उठून उभे राहिले. कद्दीश सुरू झाला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. काकांनी नंतर सांगितलं, त्या प्रार्थनेत मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती आहे.

परत येताना आजीची मैत्रीण आठवली. साठच्या दशकात ती मुलाबाळांसह इस्राएलला गेली. जाताना उखळ आजीला देऊन गेली. १९४८ नंतर असे हजारो गेले. इथे कुणी छळलं म्हणून नव्हे. देश मिळाला म्हणून, मुलांच्या भवितव्यासाठी, नातेवाईक गेले म्हणून. तिथे गेल्यावर लग्नाच्या वेळी काही धर्मगुरूंनी यांचं ज्यूपणच तपासायला घेतलं. शतकानुशतकं पोथीशिवाय धर्म सांभाळणाऱ्यांना हे किती लागलं असेल! १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे संसदेने ते पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. पुढे तिथूनच त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

आजी म्हणायची, "एक बिऱ्हाड गेलं, आळी ओकी झाली." मला तेव्हा वाटायचं, गेलं तर गेलं, एकच घर. त्या घरात चार पुरुष होते, हा हिशोब मी या वेळी पहिल्यांदा केला.

असो. उखळ अजून मामाकडे आहे. आणि काकांनी माझा नंबर घेऊन ठेवलाय. म्हणाले, "दहावा नाही, पण दहाव्याला आणायला तरी या."